वाचकांचे प्रश्न : नर्तकी आलिझे गायिका कशी झाली?

'म्वा... लोलिता' या फ्रेंच गाण्याबद्दल आणि ते गाणाऱ्या आलिझेबद्दल वाचकांनी बरंच विचारलं आहे. कुणाला तिची कारकीर्द जाणून घ्यायची आहे, कुणाला नाचता नाचता गाण्याचं तंत्र, तर कुणाला मुलीला नाचाच्या क्लासला घालायचं आहे. एकमेकांत गुंतलेले प्रश्न सलग घेतले आहेत.

आलिझे मुळात नर्तकी होती म्हणतात. मग ती गाण्याकडे वळली कशी? – एक वाचक, नाशिक

वळली म्हणण्यापेक्षा स्पर्धेच्या एका नियमाने तिला वळवलं. आलिझे जाकोते हिचा जन्म २१ ऑगस्ट १९८४ रोजी कॉर्सिका बेटावरच्या आजाक्सियोत झाला. नेपोलियनचं जन्मगावही हेच. चौथ्या वर्षापासून ती तिथल्या मोनिक मुफ्राज्जी यांच्या नृत्यशाळेत जाऊ लागली. १९९९ मध्ये फ्रान्सच्या एम-६ वाहिनीवरच्या 'ग्रेन द स्तार' या नवोदितांच्या स्पर्धेत तिला उतरायचं होतं ते नाचासाठीच. पण नृत्य विभागात फक्त समूहांना प्रवेश होता, एकटीने नाचायची सोय नव्हती. म्हणून तिने गायन विभागात नाव दिलं. आधी जेनिफर लोपेझचं एक इंग्रजी गाणं आणि मग आक्सेल रेडचं 'मा प्रियेर' हे फ्रेंच गाणं म्हणून ती जिंकली.

त्या सुमारास गायिका-गीतकार मिलेन फार्मेर आणि संगीतकार-दिग्दर्शक लोराँ बुतोना यांना आपल्या नव्या गाण्यासाठी कोवळा आवाज हवा होता. त्यांचं लक्ष या मुलीकडे गेलं, चाचणी झाली आणि निवड झाली. तिच्यापाशी नाचाची सुमारे अकरा वर्षांची तयारी होती, गाण्याची तेवढी नव्हती. तिचं पुढचं सगळं काम समजून घेताना हा क्रम ध्यानात ठेवावा.

तिचं पहिलं गाणं खरंच इतकं गाजलं, की आज इंटरनेटमुळे तसं वाटतं? – एक वाचक, औरंगाबाद

खरंच गाजलं. 'म्वा... लोलिता' ४ जुलै २००० रोजी आलं आणि फ्रान्समध्ये विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. इटलीत ते पहिलं आलं. २००२ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये ते नवव्या क्रमांकावर पोचलं, आणि ही गोष्ट अधिक मोलाची आहे. ब्रिटिश श्रोता इंग्रजीबाहेरचं गाणं सहसा विकत घेत नाही. त्याआधी १९८८ मध्ये फ्रेंच गायिका व्हानेसा पारादीचं 'जो ल ताक्सी' तिथे तिसऱ्या क्रमांकावर गेलं होतं, पण अशी उदाहरणं मोजकीच.

'गुर्मांदीझ' हा पहिला अल्बम २८ नोव्हेंबर २००० रोजी आला. त्यातलं 'लालिझे' हे दुसरं गाणं फ्रान्समध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं, म्हणजे पहिल्यापेक्षाही एक पायरी वर. जानेवारी २००१ मध्ये एनआरजे संगीत पुरस्कारांत ती वर्षातली नवी फ्रेंच भाषक कलावंत ठरली. त्यामुळे तिला 'एका गाण्याची गायिका' म्हणणं चूक आहे. दुसऱ्या अल्बममधलं 'झाँने मार' हेही फ्रान्समध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं.

पंधरा वर्षांच्या मुलीला 'लोलिता' म्हणून पेश करणं पालक म्हणून खटकतं. तिकडे यावर काही कायदा नाही का? आणि आपल्याकडे? – एक पालक, पुणे

तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे. लेखक नाबोकोव्हच्या 'लोलिता' कादंबरीतल्या, प्रौढ पुरुषाच्या वासनेला बळी पडणाऱ्या अल्पवयीन मुलीचं नाव गाण्याला देणं, ते शब्द तिच्या तोंडी घालणं, हे सगळं मोठ्या माणसांनी ठरवलं होतं. गाणं उत्तम बांधलेलं आहे. तरी मुलीच्या वयाचा विक्रीसाठी वापर झाला, हेही तितकंच खरं. आवडत्या गाण्याबद्दलही हे स्पष्ट म्हणता आलं पाहिजे.

कायदा आहे, पण तो काम, पैसा आणि प्रकृती यांचं रक्षण करतो. प्रतिमेचा प्रश्न त्याच्या हातून बराचसा सुटतो. फ्रान्समध्ये १६ वर्षांखालच्या मुलाला मनोरंजन क्षेत्रात कामाला घ्यायचं तर प्रेफेची, म्हणजे जिल्ह्यातल्या सरकारी प्रतिनिधीची, आगाऊ परवानगी लागते. कमाईचा ठरवून दिलेला भाग पालकांच्या हाती येतो आणि उरलेला 'केस दे देपो' या सरकारी वित्तसंस्थेत मूल सज्ञान होईपर्यंत जमा राहतो. आलिझेचं गाणं आलं तेव्हा तिला सोळावं पूर्ण व्हायला जेमतेम सात आठवडे होते.

आपल्याकडे २०१७ च्या बालकामगार नियमांत १४ वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. टीव्हीवरच्या नाचगाण्याच्या स्पर्धांत मुलं धाडणाऱ्या पालकांना ती तोंडपाठ असायला हवी. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही, आणि सलग २७ दिवसांहून जास्त नाही. दर ५ मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमलेली हवी. मुलाच्या उत्पन्नातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावावर मुदत ठेवीत गेला पाहिजे. करारावर सही करण्यापूर्वी परवानगीची प्रत मागा. ती द्यायला टाळाटाळ होत असेल तर सही करू नका.

आमच्या स्नेहसंमेलनात दोन मुली नाचत नाचत गाणार आहेत. उभं राहून सुरेल गातात, पण नाच सुरू झाला की आवाज कापतो. आलिझेसारख्या गायिका हे कसं जमवतात? – एक शिक्षिका, कोल्हापूर

आधी एक गैरसमज काढून टाकू. २००० च्या आसपासच्या टीव्ही कार्यक्रमांत बहुतेक वेळा आधी ध्वनिमुद्रित केलेलं गाणंच वाजायचं आणि कलाकार ओठ हलवायचे. त्यामुळे त्या चित्रफितींवरून श्वासाचा अंदाज बांधू नका. आलिझेची खरी कसोटी लागली ती २६ ऑगस्ट २००३ पासून, पॅरिसच्या 'ओलिंपिया' रंगमंदिरात सुरू झालेल्या तिच्या पहिल्या दौऱ्यात. तिथे वादक समोर होते आणि गाणंही प्रत्यक्ष. या दौऱ्याचं ध्वनिमुद्रण २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. ते अल्बमशेजारी ठेवून ऐका, म्हणजे हालचालीत आवाजाचं काय होतं ते कानाला कळेल.

आवाज कापण्यामागे बहुधा तीन कारणं असतात. पहिलं पोटाचं. नाच शिकलेल्या मुली पोट आत ओढून धरतात, कारण तोल तिथूनच सांभाळला जातो. गाताना मात्र श्वास घेतेवेळी पोट सैल सुटावं लागतं. दोन्हीची ओढाताण झाली की श्वास वर छातीत आणि खांद्यांत चढतो, आणि असा श्वास दोन शब्दांत संपतो. यातून वाट अशी की श्वास खालच्या बरगड्यांत, बाजूला आणि पाठीकडे घ्यायचा. मुलींना कमरेच्या जरा वर दोन्ही बाजूंनी तळवे ठेवायला सांगा आणि श्वास घेताना तळवे बाहेर ढकलले जातात का ते पाहा. खांदे उचलले गेले तर पुन्हा.

दुसरं कारण पावलांचं. टाच आपटली की धक्का थेट आवाजात उमटतो. पाऊल चवड्यावर, गुडघा किंचित वाकवून टेकलं की तो धक्का गुडघ्यातच जिरतो. तिसरं मानेचं. प्रेक्षकांकडे पाहायला हनुवटी वर गेली की गळा ताणला जातो आणि वरचे सूर चिरकतात.

आता तालमीचा क्रम. गाण्याचे शब्द कागदावर लिहून घ्या आणि श्वास कुठे घ्यायचा तिथे खूण करा. ही जागा रोज तीच राहायला हवी. मग जागच्या जागी तालात चालत गायचं. ते स्थिर झालं की नुसती पावलं, त्यानंतर हात, आणि शेवटी मान व गिरक्या. दर टप्प्यावर आधी शब्द तालात बोलायचे, मग गायचे. एकदम पूर्ण नाचासह गायला लावलं तर मुली श्वासाच्या जागा विसरतात आणि चुकीची सवय अंगात बसते. शेवटच्या आठवड्यात गाणं मध्ये न थांबता लागोपाठ दोनदा करून घ्या. दुसऱ्या खेपेला आवाज टिकला तर रंगमंचावरच्या धडधडीतही टिकेल.

नाच बसवणाऱ्यांनीही गाण्याला जागा द्यायला हवी, आणि नेमकं हेच आलिझेच्या सादरीकरणांतून शिकण्यासारखं आहे. ओळ चालू असताना अंगाचं काम थोडं: वजन एका पायावरून दुसऱ्यावर, कंबरेची झुल, मनगटाची लकब. मोठ्या उड्या आणि गिरक्या फक्त वाद्यांच्या तुकड्यात. गिरकी पुढच्या ओळीच्या किमान दोन मात्रा आधी संपली पाहिजे, नाहीतर श्वासच घेता येत नाही. छातीचा झटका द्यायचा असेल तर तो लांबवलेल्या स्वरावर कधीच ठेवू नका, दोन शब्दांमधल्या पोकळीत ठेवा.

माइक हातात असेल तर तोंडापासून दोन-तीन बोटांवर, कोपर अंगाजवळ, आणि मान वळेल तसा माइकही वळला पाहिजे. माइकची जाळी मुठीत धरली की शिटी वाजते, मुलं हे हमखास करतात. डोक्याला लावायचा माइक मिळाला तर हात मोकळे राहतात, पण धापाही ऐकू येतात. तो ओठांच्या समोर न ठेवता कोपऱ्याशी ठेवा आणि ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याला कुठल्या तुकड्यात मुली गात नाहीत ते आधी सांगून ठेवा, म्हणजे तिथे तो आवाज उतरवेल.

संगणकावरच्या एका खेळात तिचा नाच आहे, हे खरं का? – एक विद्यार्थी, ठाणे

हो. २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधल्या नाइट एल्फ जमातीच्या स्त्री पात्राचा नाच आलिझेच्या 'झाँने मार'च्या सादरीकरणावरून घेतलेला आहे. दोन्ही चित्रफिती शेजारी लावून पाहिल्या की कंबरेची झुल लगेच ओळखू येते. तिचं नावही न ऐकलेल्या कितीतरी खेळाडूंनी तिचा नाच पाहिलेला आहे.

२००४ नंतर ती एकदम दिसेनाशी का झाली? – एक वाचक, नागपूर

एकदम नाही. दुसरा अल्बम 'मे कुराँ एलेक्त्रीक' १८ मार्च २००३ रोजी आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिने गायक जेरेमी शातलें याच्याशी लग्न केलं, एप्रिल २००५ मध्ये मुलगी झाली, आणि फार्मेर-बुतोना यांच्याबरोबरचं काम थांबलं. शब्द, चाली, चित्रफिती, प्रतिमा सगळं त्या दोघांच्या हातचं होतं. ते गेल्यावर तिला आपली माणसं नव्याने जमवावी लागली, आणि चार वर्षांहून अधिक काळ श्रोत्यांपुढे नव्या गाण्यांचा अल्बम नव्हता. पॉपच्या बाजारात एवढी रजा महागात पडते.

३ डिसेंबर २००७ चा 'प्सिकेदेलीस' फ्रान्समध्ये आधीच्या दोन अल्बमइतका चालला नाही. मेक्सिकोत मात्र तिला मोठा श्रोतृवर्ग मिळाला आणि २००८ च्या दौऱ्यात ती मॉस्कोबरोबरच मेक्सिकोतल्या शहरांतही गेली. २०१० चा 'यून आँफाँ दु सिएक्ल' सर्वांत धाडसी होता. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलच्या वर्तुळातली अभिनेत्री एडी सेजविक ही त्यामागची प्रेरणा, आणि बाज थंड, इलेक्ट्रॉनिक. श्रोत्यांनी तो उचलला नाही. २०१३ चा '५' हा आमच्या मते तिचा सर्वांत दुर्लक्षित अल्बम आहे. इथे आवाज परिपक्व झालेला आहे आणि शब्द घाईने निसटत नाहीत. 'ब्लाँद' २०१४ च्या जूनमध्ये आला. नवख्या श्रोत्याने 'गुर्मांदीझ'नंतर थेट '५' ऐकावा, म्हणजे मधल्या तेरा वर्षांत तिने गाणं किती कमावलं ते कळतं.

नाचाचा कार्यक्रम जिंकणं तिला सोपंच गेलं असेल. आधीपासून नाचणाऱ्यांना अशा स्पर्धेत घ्यावं का? – एक वाचक, पणजी

प्रश्न 'दाँस आवेक ले स्तार'बद्दल आहे. आपल्या 'झलक दिखला जा'चं आणि याचं मूळ एकच, बीबीसीचा ब्रिटिश कार्यक्रम. टीएफ-१ वाहिनीवरच्या चौथ्या पर्वात, २३ नोव्हेंबर २०१३ रोजी, आलिझे आणि तिचा जोडीदार नर्तक ग्रेग्वार लियोने जिंकले. अंतिम फेरीत तिच्यासमोर ब्राहिम झैबात होता, जो स्वतः व्यावसायिक हिपहॉप नर्तक आहे. पहिल्या चारही पर्वांचे विजेते गायकच होते हेही पाहा: एम. पोकोरा, शिम, एमान्युएल म्वार आणि आलिझे. ताल कानात असलेल्यांना तिथे आघाडी मिळते, मग ते नाच शिकलेले असोत वा नसोत.

पण सोपं म्हणता येणार नाही. बॅलेत पावलं नितंबापासून बाहेर वळवलेली असतात, बॉलरूममध्ये, म्हणजे जोडीने करायच्या पाश्चात्त्य नाचांत, ती समांतर ठेवायची. वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉटमध्ये पुढे जाताना टाच आधी टेकते, बॅलेतल्या चवड्याच्या सवयीला हे उलटं पडतं. रुंबा आणि चाचात वजन जमिनीत मुरलेलं लागतं, तर बॅले शरीर वर उचलायला शिकवतं. सर्वांत अवघड म्हणजे पकड. एकटीने नाचणारी तोल स्वतःच सावरते, जोडीत तो जोडीदाराच्या चौकटीत सोपवावा लागतो. अशा मुलींच्या हातांत ताठरपणा येतो आणि पुढच्या पावलाची खूण पोचतच नाही. आधीचं शिक्षण असेल तर पाठांतर लवकर होतं, सवयी मोडायला मात्र जास्त वेळ लागतो. तेव्हा अशांना घेण्यात आम्हाला अन्याय दिसत नाही.

जून २०१६ मध्ये तिने आणि लियोनेने कॉर्सिकात लग्न केलं. आजाक्सियोतच दोघांनी नृत्यशाळा काढली. तिची गाण्यातली पडती म्हणून हे पाहणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. ज्या कामासाठी ती १९९९ मध्ये स्पर्धेला गेली होती, तेच काम ती आता स्वतःच्या गावात शिकवते आहे.

मुलगी चार वर्षांची आहे. आलिझेप्रमाणे याच वयात नाचाला घालावं का? – एक पालक, डोंबिवली

घाला, पण काय शिकवतात ते पाहून. फ्रान्समध्ये याला सरकारी चौकट आहे. १० जुलै १९८९ च्या कायद्यानुसार बॅले, जॅझ आणि समकालीन नृत्य मोबदला घेऊन शिकवायला शिक्षकाची सरकारी पदविका लागते. चार-पाच वर्षांच्या मुलांना तिथे फक्त शरीराची ओळख करून देणारे खेळ चालतात, सहा-सात वर्षांच्यांना प्राथमिक ओळख, आणि कुठल्याही शैलीचं खरं तंत्र त्यानंतरच. कारण साधं आहे: हाडं आणि सांधे तयार झालेले नसतात. चार वर्षांच्या मुलीला कुणी जबरदस्तीने पाय फाकवायला लावत असेल तर तो क्लास सोडा.

त्याच नियमांत जमिनीबद्दलही आहे: नाचायचा पृष्ठभाग थेट काँक्रीटवर बसवलेला चालत नाही, खाली लवचीक थर लागतो. आपल्याकडचे बरेच क्लास सोसायटीच्या हॉलमध्ये, सिमेंटवर बसवलेल्या फरशीवर चालतात. उड्यांचा सगळा मार नडगी आणि गुडघ्यावर बसतो. लाकडी तक्तपोशी किंवा निदान जाड रबरी चटई आहे का हे फी भरण्याआधी जाऊन पाहा. क्लासनंतर नडगीच्या पुढच्या बाजूला रोज दुखत असेल तर उड्या लगेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आलिझेआधी अशी कुणी नर्तकी-गायिका होती का? – एक वाचक, बडोदा

झिझी जाँमेर. जन्म पॅरिसचा, १९२४ चा. पॅरिस ऑपेराच्या बॅले शाळेत शिकली. नृत्यरचनाकार रोलाँ पती तिथलाच, पुढे १९५४ मध्ये त्यांनी लग्न केलं. १९४९ मध्ये लंडनला त्याच्या 'कारमेन' बॅलेत आखूड कापलेल्या केसांनिशी ती उभी राहिली आणि रातोरात नाव झालं. पुढच्याच वर्षी एका बॅलेत तिने गायलाही सुरुवात केली. १९६१ मध्ये पॅरिसच्या 'आलांब्रा'त तिने म्हटलेलं 'माँ त्रुक आँ प्लुम', फॅशन डिझायनर इव्ह साँ-लोराँच्या पोशाखात आणि पिसांच्या पंख्यांमध्ये, आजही तिची ओळख आहे. आवाज मोठा नव्हता, पण प्रत्येक अक्षर स्वच्छ पोचायचं. २०२० मध्ये ९६ व्या वर्षी ती गेली. तिची जुनी चित्रफीत जरूर पाहा: गाताना ती पायांपेक्षा हातांनी आणि पिसांनी नाचते, आणि श्वास वाचवते.

मला तिची गाणी म्हणायची आहेत, पण उच्चार मराठी वाटतात. काय करू? – एक वाचक, रत्नागिरी

चार ध्वनींवर मेहनत घ्या. 'झाँ' मधला 'झ' आपल्या 'झाड'मधला नाही. 'श' म्हणा आणि जीभ न हलवता त्यात कंठाचा आवाज मिसळा, तो येईल. 'आँ' नाकातून सोडायचा, पण शेवटी जीभ टाळूला लावायची नाही. लावली की 'आन' होतो. कोकणी बोलणाऱ्यांना हे लवकर जमतं, कारण त्यांच्या बोलण्यात अनुनासिक स्वर अजून जिवंत आहेत. तिसरा ध्वनी 'ई' आणि 'ऊ' यांच्या मधला: जीभ 'ई'च्या जागी ठेवून ओठ शिटी वाजवताना करतो तसे गोल करा. आणि 'र' जिभेच्या टोकाने न लोटता मागून, घशाजवळून, अगदी हलका काढा.

शब्दाच्या शेवटचा जो 'ए' बोलताना गळतो, तो गाण्यात कधी कधी स्वतंत्र सूर घेऊन येतो. तिथे अगदी छोटा 'अ' म्हणा आणि ओठ किंचित पुढे घ्या. तो सोडला तर एक मात्रा रिकामी राहते आणि पुढची ओळ लवकर सुरू होते. सुरुवात 'म्वा... लोलिता'च्या कडव्यापासून करा. ते खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखं आहे, त्यामुळे सुराची चिंता न करता उच्चार घोटता येतात. मुंबई किंवा पुण्याच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये प्राथमिक वर्ग चालतात. ते शक्य नसेल तर एका वेळी दोनच ओळी घ्या, तालात बोलून फोनवर मुद्रित करा, आणि मूळ गाण्याच्या त्याच दोन ओळींशी लावून ऐका.